तुडूम बुजतो तेव्हा

धान घरात आले, दिवाळी सरली आणि थंडीने जोर धरला, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकांचे मांडव उभे राहतात आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा उजाडेपर्यंत काही पडत नाही. नवेगाव बांधला अशाच एका नाटकाला मी माझ्या मामांच्या सोबतीने गेलो होतो. दरसाल पुढच्या सतरंजीवर हक्काने मांडी घालून बसणारे मामा त्या वर्षी अगदी कडेला, कनातीच्या फटीपाशी, शाल गुंडाळून बसले. पहिला अंक संपण्यापूर्वी तीनदा आणि दुसऱ्या अंकात चारदा उठून अंधारात जाऊन आले. विचारले तेव्हा "थंडी हाय ना," एवढेच म्हणाले. पुढे माझ्या ध्यानात आले, की त्या कडेला त्यांच्याच वयाचे आणखी चार-पाच जण बसले होते, एकामागून एक उठत होते, परत येऊन बसत होते, आणि आपल्याला जे होते तेच शेजाऱ्यालाही होत आहे हे प्रत्येकास दिसत असूनही त्याविषयी कोणी कोणापाशी चकार शब्द काढीत नव्हता.

महिन्याभराने मामांना पडसे झाले. दुकानातून आणलेली सर्दीची गोळी घेऊन ते निजले आणि मध्यरात्री जागे झाले ते लघवी संपूर्ण अडलेल्या अवस्थेत. ओटीपोट ढोलकीसारखे ताणलेले, अंगाला दरदरून घाम, बसवेना की उभे राहवेना. गावच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिकेने नळी घातली तेव्हा पिशवीत नऊशे मिलिलिटर लघवी उतरली. निरोगी माणसाला चारशे-पाचशेच्या घरातच ती सोसवेनाशी होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीच्या कळांची कल्पना यावी. कळ ओसरल्यावर, जन्मभर तलावाच्या पाण्यावर धान पिकविलेल्या त्या माणसाने डोळे मिटून घेतले आणि म्हटले, "म्हंजे आपला तुडूम बुजला होता म्हना."

ज्यांनी कोहळी समाजाने बांधलेले तलाव पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगावयास हवे, की तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडण्याची मोरी. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी बांधून अडविलेला, सुमारे अकरा चौरस किलोमीटरांवर पसरलेला नवेगावचा जलाशय हा त्या विद्येचा सर्वांत भव्य दाखला असला, तरी भंडारा-गोंदियाच्या मुलखातला लहानसा मालगुजारी तलावही त्याच कायद्याने चालतो: पाणी किती साठले यापेक्षा ते बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही, यावर पाळीचे आयुष्य अवलंबून असते. वाट बुजली की पाणी आत फुगते, पाळ त्या भाराशी झगडते, आणि तिचे नुकसान बाहेरून दिसू लागते तोवर आत पुष्कळ काही होऊन गेलेले असते. मामांची उपमा शारीरशास्त्राच्या कसोटीला जितकी उतरते तितक्या फार थोड्या उपमा उतरतात.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चारी बाजूंनी वेढून, प्रोस्टेट नावाची ग्रंथी बसलेली असते. वीर्यातला काही द्रव पाझरविणे हे तिचे काम. तरुणपणी तिचे वजन वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आमच्या तलावांत ढिवर बांधव लावतात त्या शिंगाड्याच्या एका थोराड फळाएवढी ती असते. चाळिशीनंतर तिचा मूत्रमार्गाला बिलगलेला आतला भाग हळूहळू वाढू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि पंच्याऐंशीच्या घरातल्या दहांपैकी नऊ जणांत ही वाढ आढळते. त्या सर्वांनाच त्रास होतो असे मात्र नाही. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतर होते असेही नाही. मात्र दोन्ही व्याधी एकाच वयात एकाच ग्रंथीत शेजारी नांदू शकतात, म्हणून तपासणीत बोटाने ग्रंथी चाचपून पाहणे आणि रक्तातील पीएसए हे या ग्रंथीचे प्रथिन मोजणे यांची हयगय करू नये.

आता यातली एक गोष्ट वैद्यकाबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते: ग्रंथी जितकी मोठी तितका त्रास मोठा, हा हिशेब खोटा आहे. अडथळा दोन प्रकारांनी होतो. एक, वाढलेल्या मांसाने मार्ग दाबला जातो. दुसरा, ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या मानेतले स्नायुतंतू आवळून राहतात. ऐंशी ग्रॅमची ग्रंथी घेऊन सुखाने झोपणारे आढळतात आणि तीस ग्रॅमच्या ग्रंथीने रात्रीतून सहा वेळा उठविलेलेही. मामांच्या बाबतीत सर्दीच्या गोळीने जो घात केला तो या दुसऱ्या प्रकाराचा. नाक मोकळे करणारी पुष्कळ औषधे तेच तंतू अधिक आवळतात, काही मूत्राशयाच्या स्नायूला सुस्त करतात, आणि आधीच अरुंद झालेली वाट एका रात्रीत बंद होते. थंडी, बद्धकोष्ठ, मद्य, लांबच्या प्रवासात दाबून धरलेली लघवी, ही तशीच निमित्ते.

खरा मामला मूत्राशयाचा आहे. अडथळ्यावर मात करण्यासाठी त्याची भिंत प्रथम जाड होते. तिच्यात दोऱ्यांसारख्या वळ्या, वळ्यांमध्ये खाचा आणि खाचांतून लहान कप्पे तयार होतात. या काळात धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, घाई होते, रात्री वारंवार उठावे लागते. मग स्नायू थकू लागतो. प्रत्येक वेळी थोडी लघवी मागे राहते. त्या साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात, आणि दाब मागे सरकत मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला तर ती फुगून निकामी होऊ लागतात. ग्रंथीचा इलाज कधीही करता येतो. थकून ताणलेला स्नायू पूर्ववत करण्याचा इलाज आजही कोणापाशी नाही.

आपल्या पूर्वसूरींना ही कैफियत अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे जे बारा प्रकार वर्णिले आहेत त्यांत वाताष्ठीला हा एक आहे. अष्ठीला म्हणजे गोल, घट्ट दगड, आणि मूत्र व मल यांची वाट अडविणाऱ्या अशा गाठीचे ते वर्णन वाचून, मराठी परिभाषेत प्रोस्टेटला अष्ठीला ग्रंथी हे नाव का दिले गेले असावे ते उमगते. परंतु निदान आणि निर्मूलन यांच्यामध्ये फार मोठे अंतर पडले. विसावे शतक उजाडेपर्यंत अडलेल्या वृद्धाच्या नशिबी जन्माची नळी होती, आणि त्या निर्जंतुक नसलेल्या नळीमागून येणारा ताप.

ते अंतर ज्यांनी तोडले त्यांत पीटर फ्रेयर या आयरिश शल्यविशारदाचे नाव अग्रभागी आहे, आणि त्याचा हात भारतात तयार झाला ही गोष्ट आपण विसरू नये. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये १८७५ साली रुजू होऊन त्याने उत्तर हिंदुस्थानात दोन दशके काढली. मूतखडे मूत्राशयातच चुरडून काढण्यात त्याचा हातखंडा होता, आणि रामपूरच्या नबाबाने अशा एका शस्त्रक्रियेबद्दल त्याला एक लाख रुपये दिल्याची हकीकत त्या काळी बरीच गाजली. लंडनला परतल्यावर डिसेंबर १९०० मध्ये त्याने ओटीपोट व मूत्राशय उघडून, बोट घालून, वाढलेली गाठ तिच्या बाहेरच्या वेष्टनापासून अखंड सोडवून काढली. न्यूयॉर्कच्या युजीन फुलरने हेच त्याच्या आधी केले होते आणि त्यावरून वादही झाला. पण ही पद्धत जगभर रूढ केली ती फ्रेयरनेच. संत्र्याला एक भोक पाडून साल शाबूत ठेवावी आणि बोटाने आतल्या फोडी मोकळ्या कराव्यात, तशी ती क्रिया. साल म्हणजे ग्रंथीचे मूळचे, दबून पातळ झालेले मांस. फोडी म्हणजे नवी वाढ. ही सालीफोडींमधली वाट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

पोट फाडण्याऐवजी मूत्रमार्गातूनच दुर्बीण सरकवून गाठ कापण्याचे उपकरण १९२६ मध्ये स्टर्नने बनविले आणि पाच-सहा वर्षांत मॅकार्थीने त्यात सुधारणा करून ते वापरण्याजोगे केले. विजेच्या प्रवाहाने तापलेल्या तारेच्या फासाने गाठीचे चरे कापीत जावयाचे, रक्तवाहिन्या डागीत जावयाचे आणि पाण्याने ते तुकडे धुऊन काढावयाचे: आपल्याकडे सर्वतोमुखी झालेले 'दुर्बिणीचे ऑपरेशन' ते हेच, टीयूआरपी. जुन्या पद्धतीत धुण्यासाठी साधे सलाईन चालत नसे, आणि दुसरा द्रव रक्तात शोषला गेल्यास सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरे. बायपोलर उपकरणांनी सलाईन वापरणे शक्य केले आणि ती भीती बहुतांशी गेली. ज्यांना 'कमी कापाकापीचा' उपचार हवा असतो ते टीयूआरपीला जुनाट समजून नाक मुरडतात, हे मला अन्यायाचे वाटते. नव्या प्रत्येक उपायाला आजही तिच्याच शेजारी उभे करून मोजले जाते.

मधल्या काळात गोळ्या आल्या. टॅम्सुलोसिनसारखी औषधे आवळलेले तंतू सैल करतात आणि काही दिवसांतच धार सुधारते. उठताना चक्कर येणे व वीर्यस्खलन कोरडे होणे हे त्यांचे दोष. दुसरा वर्ग फिनास्टेराइडचा, आणि त्याची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावी काही मुले मुली म्हणून वाढविली जात आणि वयात येताना त्यांचे शरीर पुरुषाचे होई. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रखर रूप बनविणारे एक वितंचक त्यांच्या शरीरात अपुरे होते. आणि या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी उतारवयातही लहानच राहते, असे दिसून आले. तेच वितंचक रोखणारी गोळी १९९२ मध्ये वापरात आली. ती सहा महिन्यांत ग्रंथी सुमारे पाव हिश्शाने आटविते. मात्र पीएसएचा आकडाही निम्म्यावर आणते, हे नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते. तसाच दुसरा इशारा: टॅम्सुलोसिन घेणाऱ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातला बाहुलीचा पडदा लुळा पडून फडफडतो. नेत्रशिबिरात नाव नोंदविताना ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी चालू होती, एवढे एक वाक्य बोलले तर नेत्रतज्ज्ञ आधीच तजवीज करू शकतो. लाजेपायी ते वाक्य न बोलणारे पुष्कळ आहेत.

गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांच्यामधल्या रिकाम्या पट्ट्यात गेल्या पंधराएक वर्षांत जे उपाय उभे राहिले, त्यांच्याविषयी आता सांगतो. त्यांतला वाफेचा उपाय मला सर्वांत मोहक वाटतो, कारण त्यामागचे तत्त्व कोणत्याही स्वयंपाकघरात अनुभवास येते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढताना हाताला लागलेली वाफ उकळत्या पाण्याहून जास्त का पोळते? वाफ त्वचेवर पुन्हा पाणी होताना आपल्यात दडवलेली सारी उष्णता एकदम सोडून देते म्हणून. रेझुम या उपकरणात मूत्रमार्गातून दुर्बीण सरकवून एक बारीक सुई वाढलेल्या मांसात टोचतात आणि नऊ सेकंद वाफ सोडतात. ती पेशींच्या फटींतून पसरते, तेथे पाणी होते आणि त्या उष्णतेने पेशी मरतात. ग्रंथीच्या आकाराप्रमाणे अशा काही टोचण्या दिल्या की काम आटोपले. कापणे नाही, रक्तस्राव नगण्य. पण मेलेले मांस शरीराने शोषून घ्यावयाचे असल्यामुळे फळ लगेच हाती येत नाही. आधी सूज येते, काही दिवस नळी ठेवावी लागते, जळजळ होते, आणि खरा आराम पडण्यास काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत मुदत लागते. अमेरिकेत २०१५ मध्ये यास परवानगी मिळाली. तेथील मुख्य चाचणीत पाच वर्षांत शंभरांपैकी चार-पाच जणांनाच पुन्हा शस्त्रक्रियेकडे वळावे लागले.

यूरोलिफ्टची युक्ती निराळी. तीत मांस मरत नाही की कापले जात नाही. दाराचे पडदे दोरीने दोन बाजूंस बांधून ठेवावेत तसे ग्रंथीचे दोन खंड बारीक टाक्यांनी बाजूला ओढून ठेवतात. आराम लौकर पडतो, नळी पुष्कळदा लागतही नाही, वैवाहिक जीवनास बाधा येत नाही. परंतु पाच वर्षांत शंभरांपैकी तेरा-चौदा जणांना पुन्हा उपचार लागल्याची नोंद आहे. आयटिंडमध्ये तारेची एक जाळी पाच ते सात दिवस मूत्रमार्गात ठेवून काढून घेतात, तेवढ्यात ती मार्गात चर पाडते. अ‍ॅक्वाब्लेशनमध्ये अल्ट्रासाउंडने नकाशा आखून, यंत्राच्या नियंत्रणाखाली, सलाईनच्या प्रखर धारेनेच मांस कापले जाते. आणि मूत्रमार्गाला स्पर्शही न करणारा एक मार्ग आहे: मनगटातल्या वा जांघेतल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी ग्रंथीच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन सूक्ष्म गोळ्यांनी ती बुजविणे. पाट बंद केला की बांधीतले धान वाळते, तशी ग्रंथी आटते. भूल सोसणार नाही असे हृदय, रक्त पातळ करणारी औषधे आणि फार मोठी ग्रंथी अशा रुग्णाला हा मार्ग वरदान ठरू शकतो. सर्वच ठिकाणी हे सारे उपलब्ध नाही, आणि जेथे आहे तेथेही ते स्वस्त नाही.

मामांनी नागपूरला जाण्यापूर्वी कोणाकडून तरी वाफेविषयी ऐकले होते. नवेगावाहून गोंदिया साठ-पासष्ट किलोमीटर, नागपूर त्याच्या दुपटीहून दूर. नळीची पिशवी धोतराच्या सोग्यात झाकून त्यांनी तो प्रवास कसा केला ते मी पाहिले आहे. तपासण्यांचे कागद पुढे ठेवून त्यांनी मूत्रशल्यतज्ज्ञांना विचारले, "मले वाफेचा इलाज नाही चालत का, डॉक्टरसाहेब? कापाकापी नको वाटते." डॉक्टरांनी घाई केली नाही. सोनोग्राफीचे चित्र फिरवून त्यांच्यासमोर धरले आणि म्हणाले, "काका, वाफेचा इलाज मुख्यतः तीस ते ऐंशी ग्रॅमच्या ग्रंथीसाठी. तुमची एकशे दहा आहे. मूत्राशयाच्या पिशवीत हे दोन खडे आहेत, ते काही वाफेने जाणार नाहीत. आणि पिशवीचा स्नायू आता इतका दमला आहे, की वाट तीन महिन्यांनी नव्हे, आजच मोकळी व्हायला हवी." मग थोडे थांबून, "चार-पाच वर्षांपूर्वी आला असता तर तुमच्यापुढे चार पर्याय मांडले असते," असे ते म्हणाले, आणि त्या वाक्यावर मामांनी मान खाली घातली.

मला जे सांगावयाचे आहे ते त्या वाक्यात आहे. सौम्य उपचार हे लौकर येणाऱ्याचे उपचार आहेत. ज्याची ग्रंथी मध्यम आहे, मूत्राशय अजून ताकदीचे आहे आणि लघवी फारशी मागे राहत नाही, त्याला गोळ्या, वाफ, टाके असा निवडीचा अधिकार असतो. धार बारीक झाल्यापासून लघवी अडेपर्यंतची वर्षे कनातीच्या फटीपाशी बसून काढली, की तो अधिकार आपसूक संपुष्टात येतो. लाज आणि अंतर या दोहोंनी आमच्या गावांतून तो अनेकांच्या हातून गेला आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

मामांवर होल्मियम लेसरची शस्त्रक्रिया झाली, आणि येथे फ्रेयरच्या संत्र्याकडे परत यावयाचे. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत, फ्रेयरचे बोट ज्या सालीफोडींमधल्या वाटेने फिरले त्याच वाटेने, पण मूत्रमार्गातून, लेसरचा तंतू फिरतो. ऊतीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जाणारा तो किरण कापता कापता रक्त थांबवितो, सुटलेल्या फोडी मूत्राशयात ढकलल्या जातात आणि तेथे त्यांचा चुरा करून ओढून घेतला जातो. ग्रंथी कितीही मोठी असो, ही पद्धत चालते. काढलेले मांस तपासणीला पाठविता येते, जे वाफेत वा टाक्यांत शक्य नसते. वीर्य पुढे न येता मूत्राशयात उलटणे हा तिचा आणि टीयूआरपीचा समान परिणाम, तो शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगितला जावा. मामांची नळी दुसऱ्या दिवशी निघाली. खर्चाच्या बाबतीत, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय मोडते याची चौकशी शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी करावी, असे मी प्रत्येकास सांगतो.

लौकर जाणाऱ्याने सोबत काय न्यावे, तेही सांगतो. डॉक्टर सात प्रश्नांची एक गुणपत्रिका भरून घेतात. शून्य ते सात गुण सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पस्तीसपर्यंत तीव्र. धारेचा वेग यंत्रावर मोजतात. सेकंदाला पंधरा मिलिलिटरांहून अधिक असला तर ठीक, दहाच्या खाली आला तर अडथळ्याचा संशय. पण या सर्वांहून बोलका पुरावा घरी तयार होतो. तीन दिवस एक खुणांचे प्लॅस्टिकचे माप वापरून प्रत्येक वेळची लघवी मोजावी आणि वहीत उतरवावी. ती रोजनिशी मामांनी शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी लिहिली. धानाचा हिशेब ज्या लाल वहीत मांडीत तिच्यातच, त्याच ठसठशीत अक्षरांत: रात्री १०.१५, दोनशे ऐंशी. पहाटे ४.१०, तीनशे वीस. सकाळी ७, दोनशे दहा. समोरच्या रकान्यात चहा, पाणी, ताक.

पुढच्या हिवाळ्यात नाटकाला मामा पुन्हा पुढच्या सतरंजीवर बसले. दुसरा अंक संपला तेव्हा कडेला बसणाऱ्यांपैकी एक गृहस्थ मांडवाबाहेर त्यांच्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "तुमी आता उठत नाही मंदातून. कोठी गेले होते?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले. मामांनी लाल वहीतले एक कोरे पान काढले, त्यावर पट्टीने तीन रकाने आखले, पहिल्यावर वेळ, दुसऱ्यावर मिली, तिसऱ्यावर पाणी असे लिहिले, आणि आपले माप फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिले.